घाटातला अबोला

आमचा अबोला सुरू झाला तेव्हा आम्ही दोघं एकाच सायकलने प्रवासाला निघालो होतो आणि समुद्र अजून बराच लांब होता.

घरात अबोला धरणं सोपं. तिथे वेगळ्या खोल्या असतात, आपटायला भांडी असतात, निरोप पोचवायला लेक असते. जोडसायकलवर यातलं काही म्हणजे काही नसतं. नवऱ्याची पाठ हातभर अंतरावर, आणि दिवसभर तीच बघायची. रागाने तोंड फिरवावं तर एकीकडे डोंगर, दुसरीकडे दरी. दोन्हीकडे बघून झालं की पुन्हा पाठ आहेच.

जोडसायकल म्हणजे काय ते आधी सांगते, कारण सगळी भानगड तिच्यामुळेच झाली. एक लांबलचक सायकल, दोन सीटा, पॅडलच्या दोन जोड्या. पुढच्याच्या हातात दिशा, गिअर, घंटी. मागच्याच्या हातात फारसं काही नाही. दोन्ही पॅडलं एका साखळीने बांधलेली, त्यामुळे पुढच्याने पाय फिरवले की मागच्याचे फिरतातच. आता मागचा माणूस खरोखर जोर लावतोय की पाय नुसते फिरू देतोय, हे फक्त त्यालाच ठाऊक. अशी वस्तू नवरा-बायकोच्या हाती देणं म्हणजे भांडणाची कायमची सोय. "जोर लावतेयस ना?" हा प्रश्न मी दोन खंडांत ऐकलाय, चढावर, उताराच्या शेवटी, एकदा तर सपाट रस्त्यावर केळं खाताना.

आमचे हे गाडी शिकवायचे. स्वतःची ड्रायव्हिंग स्कूल होती. अर्ध्या गावाने यांच्या शेजारी बसून पहिल्यांदा स्टिअरिंग धरलं. दर मिनिटाला "आरसा बघा, आरसा" म्हणायचे, म्हणून शिकणाऱ्यांनी नावच पाडलं होतं, आरसासर. मला मात्र यांनी गाडी शिकवली नाही. दोन धडे झाले, तिसऱ्याला मी चौकात उतरून चालत घरी आले, आणि तो विषय तिथेच संपला. माझं काम शिवणाचं. पायाचं मशीन, आणि त्यावर शाळेचे गणवेश, पडदे, गाद्यांच्या खोळी. आयुष्यभर पाय हलवून माझ्या पोटऱ्या अशा झाल्यात की भल्याभल्या सायकलवाल्यांनी वळून बघावं.

शिकवणं बंद केलं आणि एके दिवशी हे दारात ही सायकल घेऊन उभे. एका जोडप्याकडून घेतली होती. ते नवरा-बायको आता वेगळे राहतात, एवढं यांना कळलं होतं. सायकल का विकताय, हे विचारायचं सुचलं नव्हतं. यांच्या मनात तरुणपणापासून एकच: आपल्या दारातून सायकलवर निघायचं आणि जमीन संपेपर्यंत जायचं. पलीकडच्या खंडाच्या टोकाला समुद्र आहे, तिथे पुढचं चाक पाण्यात घालायचं.

"विमानाने जाऊ की. पाय घालू पाण्यात," मी म्हटलं.

"पाय नाही. चाक," हे म्हणाले, आणि मी अडाणी आहे अशा नजरेने बघितलं.

मग मी का निघाले? एक तर यांना एकट्याला सोडलं असतं तर पहिल्याच सीमेवर यांनी तिथल्या शिपायाला आरसा बघायला लावलं असतं. आणि दुसरं, मला जायचंच होतं. मशीनवर मी एवढे पाय मारले, आणि खिडकीच्या पुढे एक इंच गेले नाही. कुठेतरी पोचायला मिळतंय म्हटल्यावर मला मोह झाला. सायकलच्या सगळ्या पिशव्या मी स्वतः शिवल्या, दुहेरी शिवण घालून.

आणि खरं सांगते, फार छान चाललं होतं. भांडत होतो, पण छान. बिघडलं ते डोंगराच्या अलीकडच्या शहरात.

तिथल्या सायकलवाल्यांच्या मंडळाने आमचं स्वागत ठेवलं होतं. शाळेचा हॉल, लाकडी खुर्च्या, भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं. त्यांची भाषा आम्हाला येत नव्हती, आमची त्यांना. मधे एक शिक्षक उभे राहून मोडक्यातोडक्या इंग्रजीतून इकडचं तिकडे करत होते. यांना समोर माणसं मिळाली, मग काय विचारता. वाळवंट सांगून झालं, बोगदा सांगून झाला, अंगावर आलेले कुत्रे सांगून झाले. उलट्या वाऱ्यात काढलेला तो दिवस सांगितला. त्या दिवशी मी रडत होते, आणि रडता रडता पाय मारत होते. तो दिवस सांगताना यांनी स्वतःच्या मांडीवर थाप मारली.

मागच्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला. "आणि बाईंचं काम काय?"

हे हसून म्हणाले, "ती मागे बसते."

शिक्षकांनी भाषांतर केलं आणि हॉल हसला. चांगला मोठ्याने. यांना वाटलं, जमलं आपल्याला. म्हणून वर भर घातली, "आणि सूचना देते." पुन्हा हशा. मग टाळ्या, फोटो, फुलांचा गुच्छ. गुच्छ यांना दिला. यांनी तो मला धरायला दिला.

सकाळी खोलीत पिशव्या भरताना मी म्हटलं, "डोंगराच्या पलीकडच्या गावात रेल्वे आहे. तिथून मी घरी जाते."

"का?"

"मागेच बसायचं तर घरी सोफ्यावर बसेन. त्याला चढ नसतो."

यांना आधी वाटलं, थट्टा चाललीय. मग माझं तोंड बघितलं, आणि आपलं चुकलंय हे कळल्यावर हे नेहमी जे करतात तेच केलं, आवाज चढवला. "चार माणसांत गंमत म्हणून बोललो. एवढं काय त्यात?"

"चार नव्हती. हॉल भरला होता."

"बरं, मग जा! मी काय एकटा चालवू शकत नाही?"

"चालवा की."

तिथून अबोला. आणि ही नुसती धमकी नव्हती. पलीकडच्या गावातून दुपारची एकच गाडी आहे, हे मी, आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकिणीला खुणा करून, घड्याळ दाखवून विचारून घेतलं होतं.

आमच्या अबोल्याला नियम आहेत. आधी बोलेल तो हरला. लग्न झाल्यापासून हे एकदाही हरलेले नाहीत. शेवटी मीच कधीतरी "जेवायला चला" म्हणून टाकते, आणि हे लढाई जिंकल्यासारखे पानावर येऊन बसतात. मधल्या काळात अगदी अडलंच तर लेकीमार्फत बोलायचं. त्या सकाळीही तिचा फोन आला तेव्हा हे म्हणाले, "तुझ्या आईला सांग, घाटात पाणी नाही. पंपावर पिशवी भरून घ्यायचीय."

"बाबा, आई कुठेय?"

"ही काय, शेजारी उभी आहे."

लेकीने तिकडे एवढा मोठा सुस्कारा सोडला की तो मला इकडे ऐकू आला. "दुसऱ्या खंडात जाऊनसुद्धा तुम्ही दोघं..." एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

आता अडचण अशी की जोडसायकल बोलल्याशिवाय चालत नाही. एरवी निघताना मी म्हणते, "बसले." हे म्हणतात, "खड्डा", "वळतोय", "थांबतोय". अबोल्यात हे शब्द कुठून आणायचे? म्हणून यांनी घंटी कामाला लावली. खड्ड्याला एकदा, थांबताना दोनदा. निघण्यासाठी घंटीचीही गरज नव्हती. मी बसले की सायकल मागून दबते. दबली की निघायचं.

पेट्रोलपंप घाटाच्या अगदी पायथ्याशी होता. तेलाची दोन मशिनं, छोटंसं दुकान, मागे संडास-बाथरूम, आणि सगळा कारभार एकहाती सांभाळणारी एक धिप्पाड बाई. तिने आमची पाण्याची रबरी पिशवी भरायला घेतली. मी खुणेने विचारून मागच्या बाजूला गेले. एरवी "आले हं" म्हणून जाते. त्या दिवशी कसं म्हणणार? हे सायकलवर बसून, दोन्ही पाय जमिनीला टेकवून, डोंगराकडे बघत होते. मागे वळून बघायचं नाही, हा यांच्या बाजूचा नियम.

पुढचं मला पंपवालीने हातवारे करून दाखवलं. तिने भरलेली पिशवी उचलून आणली, चांगली जडशीळ. आमच्या मागच्या कॅरिअरवर ठेवली, म्हणजे आदळलीच, आणि पट्टा ओढून घट्ट केला. सायकल मागून दबली.

हे निघाले.

मी हात पुसत बाहेर आले तेव्हा सायकल रस्त्याला लागली होती. पंपवाली ओरडत होती, कॉफी पीत उभा असलेला एक ट्रकवाला ओरडत होता, मग मीही ओरडले. यांनी मागे न बघता एक हात वर करून हलवला. जोडसायकल दिसली की लोक रस्त्यात असेच ओरडतात, आणि हे असाच हात हलवतात, स्वारी निघाल्यासारखा. जन्मभर दुनियेला आरसा बघायला सांगणाऱ्या माणसाने स्वतःच्या सायकलला आरसा लावला नव्हता. "मागचं बघायला ही आहे ना," म्हणायचे.

आधी मला हसू आलं. पंपवाली आणि मी एकमेकींचे खांदे धरून हसलो. "येतीलच आता," मी माझ्या भाषेत म्हटलं, आणि तिला ते समजलं. पहिल्या वळणावर कळेल. नाहीतर पुढच्या. तिने मला प्लॅस्टिकची खुर्ची दिली, कॉफी दिली. समोर सगळा घाट दिसत होता. सायकल एका वळणावर दिसायची, नाहीशी व्हायची, वरच्या वळणावर पुन्हा उगवायची. थांबत नव्हती.

कॉफी संपली तसं हसूही संपलं. पंपवाली माझ्याकडे बघून आता हसत नव्हती, आणि ते मला जास्त लागलं. माझ्या जागी पाण्याची पिशवी ठेवली तरी या माणसाला फरक कळत नाही? मग हॉलमध्ये जे बोलले ती गंमत नव्हतीच. तसंच वाटतं त्यांना. राग मला झेपतो, रागाची मला सवय आहे. हे वेगळं होतं. आपण नसलो तरी चालतंय, चाललंय, वर वर चढत चाललंय, हे खुर्चीवर बसून बघायचं. मला रडू आलं आणि ते लपवायला माझा रुमालसुद्धा माझ्याजवळ नव्हता. रुमाल, फोन, पासपोर्ट, सगळं सायकलच्या पुढच्या पिशवीत, यांच्याबरोबर घाट चढत होतं.

मी ठरवून टाकलं. ट्रकवाला डोंगर ओलांडून त्याच गावाला चालला होता. वाटेत यांना गाठायचं, पिशवी काढून घ्यायची, एक शब्द न बोलता पुन्हा ट्रकमध्ये बसायचं, आणि दुपारची गाडी धरायची. पंपवालीने ट्रकवाल्याला सगळं समजावलं. काय समजावलं कोण जाणे, पण त्याने माझ्यासाठी सीटवरची धूळ झटकली आणि सबंध वाटेत दोनदा मला बिस्किटं दिली. ट्रकमध्ये गाद्या भरलेल्या होत्या. एकीच्या खोळीची शिवण उसवली होती. एरवी मी त्याला ऐकवलं असतं.

घाट उभा, ट्रक जड. आम्ही यांना अगदी वरच्या वळणांवर गाठलं.

आणि हे बोलत होते.

मी ट्रकवाल्याच्या मनगटावर हात ठेवला. हॉर्न नको. तोही लग्न झालेला असावा. लगेच गिअर खाली टाकला आणि मागे मागे हळू चालवू लागला.

मला वाटलं, फोनवर असतील. पण फोन कानाला नव्हता. मग वाटलं, गातायत. पण आपल्याला गाता येत नाही हे यांनाही माहीत आहे. बोलतच होते. मान जराशी मागे कललेली, एक हात हँडलवरून उचलून काहीतरी पटवून देत. थोडं बोलायचे, थांबायचे, मागून उत्तर येतंय का बघायचे. नाही आलं की मान हलवून पुन्हा सुरू. अबोला यांनी मोडला होता. लग्नानंतर पहिल्यांदा हरले होते, आणि तेही पाण्याच्या पिशवीपुढे.

मग मी यांचे पाय बघितले. पोटऱ्या थरथरत होत्या. प्रत्येक पॅडल अंगाचा सगळा भार टाकून खाली ढकलत होते. माझी पॅडलं मात्र रिकामी, आपली गुमान फिरत होती. थांबायचं, उतरून ढकलत न्यायची, तर नाही. माझं वजन गेलेलं यांना पंपावर कळलं नव्हतं. माझा जोर गेलेला पहिल्या चढापासून कळत असणार. ट्रकमध्ये बसून मला चांगलं वाटलं, आणि चांगलं वाटल्याचा रागही आला.

वर खिंडीत रस्ता जरासा सपाट होतो आणि लगेच पलीकडे कोसळतो. अशा ठिकाणी आमचं एक ठरलेलं असतं. लांब उतारावर पुढचे ब्रेक पुरत नाहीत. दोन माणसं आणि एवढं सामान, रिमा तापतात, टायर फुटू शकतो. म्हणून या सायकलला तिसरा ब्रेक आहे, आणि तो मागच्या हँडलला आहे. माझ्या हातात. उताराच्या तोंडाशी हे म्हणतात, "धर", मी म्हणते, "धरला", तेव्हा कुठे चाक खाली जातं.

हे म्हणाले असणार, "धर." मान हलली त्यावरून मला कळलं. पुन्हा म्हणाले. सायकल उताराच्या कडेला येऊन थांबली. मग यांचा डावा हात मागे आला. माझा हात असतो तिथे चाचपला. हँडल सापडलं. हात अजून मागे गेला, सीटपर्यंत. सीट सापडली.

मग हे वळले.

यांनी सायकल टाकून दिली. टाकून! खडबडीत भिंतीला जी टेकवू देत नाहीत ती सायकल रस्त्यावर आडवी पडली, आणि हे कठड्याकडे धावले, दरीत वाकले आणि ओरडायला लागले. "अगं! अगं ए!" एवढ्या वर्षांत यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही, तेव्हाही मारली नाही. नुसतं अगं. दरीतून ते अगं, अगं परत येत होतं, आणि परत आलं की हे आणखी पुढे वाकत होते, जणू मीच उत्तर देतेय.

मी ट्रकमधून कशी उतरले मला आठवत नाही. पाठीमागून यांचा शर्ट पकडला.

"अहो! पडाल ना!"

यांनी माझ्याकडे बघितलं. मग ट्रककडे, मग पुन्हा माझ्याकडे. डोळ्यांत पाणी, आणि तोंडातून काय यावं? "कुठे होतीस? सांगून जाता येत नाही?"

"अबोला होता ना."

"कुठे पडलीस? लागलं का? दाखव."

"पडले नाही. बसलेच नव्हते. पंपावरच राहिले."

"पंपावर?" हे कठड्यावर बसले. "म्हणजे घाटात तू नव्हतीसच?"

"नव्हते."

"अजिबात?"

"थोडी थोडी कशी असेन? मागे पाण्याची पिशवी होती."

"मला वाटलं, तू रागाने पाय सोडून बसलीयस." मग यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. खोटं कशाला सांगू, मला स्पष्ट दिसलं. "म्हणजे सगळा घाट मी एकट्याने...?" आणि उभं राहायला गेले तर पायच उभे राहीनात. पुन्हा खाली बसले. ट्रकवाल्याने सायकल उचलून सरळ केली, चाक फिरवून बघितलं, आणि तोंड दुसरीकडे करून उभा राहिला. शहाणा माणूस.

"काय बोलत होता एवढं?" मी विचारलं.

"तू ऐकलंस?"

"ऐकलं कुठे. बघितलं."

"काहीच नाही ऐकलंस? मी खालपासून बोलतोय गं!" एवढं मोठं नुकसान यांचं कधी झालं नव्हतं. पहिल्यांदा हरले आणि ऐकायला कोणी नाही.

"मग आता सांगा."

यांनी माझ्याकडे बघितलं. बुटाकडे बघितलं. मग म्हणाले, "तू जा ट्रकमधून. गाडी चुकेल तुझी."

"आणि तुम्ही? तिसरा ब्रेक कोण धरणार?"

"चालत उतरेन. सायकल हातात धरून."

ट्रकवाला दार उघडं ठेवून उभा होता. मी पुढची पिशवी काढली. पासपोर्ट त्यात होता, रुमाल होता. आता फक्त वर चढायचं होतं. मी पिशवी हातात घेऊन यांच्यासमोर उभी राहिले. "जाते. पण काय बोललात ते ऐकून जाते."

"असं तोंडावर नाही सांगता येत मला."

आणि मला पटलं ते. हा माणूस जन्मभर काचेबाहेर बघत बोलला. शेजारी कोणीही बसलेलं असो, रडणारी कॉलेजची पोरगी, घाबरलेला बँकेचा मॅनेजर, हे सगळ्यांशी समोरच्या रस्त्याकडे बघून बोलायचे, आणि तसं बोलताना फार चांगलं बोलायचे. मला घरी मिळाला तो मात्र तोंडासमोरचा माणूस, आणि तो माणूस मुका.

"तू मागे बस," हे म्हणाले. "समोर बघून सांगतो."

मी विचार केला. "बसते. पण ऐकायला बसतेय. स्टेशन खालीच आहे. पटलं नाही तर तिथे उतरेन."

"उतर."

ट्रकवाल्याला मी हात जोडले. त्याने शेवटचा बिस्किटाचा पुडा माझ्या हातात कोंबला. पाण्याची पिशवी मी रस्त्याकडेला ओतून रिकामी केली. कारण विचारू नका, मला तिचं तोंड बघवत नव्हतं. पुढची पिशवी परत जागेवर अडकवली आणि मी मागे बसले. सायकल दबली, पण हे निघाले नाहीत. मागे वळून बघितलं, नीट, डोक्यापासून पायापर्यंत.

"बसले," मी म्हटलं.

"धर."

"धरला."

चाक खाली गेलं आणि हे बोलायला लागले. "पंपावरून निघालो ना, तेव्हा मी..." आणि वारा. उतारावर वेग आला की पुढच्याचं बोलणं मागच्याच्या कानाशी पोचेपर्यंत फाटून जातं. "...पाय भरून... म्हटलं, ही... त्या हॉलमध्ये..." पुढचं सगळं दरीत. अख्ख्या संसारात हा माणूस एकदा मोकळा बोलत होता, आणि ते वाऱ्याला ऐकू जात होतं.

मी ब्रेक दाबला. वारा थोडा उतरला. अजून दाबला. आता सायकल कोणी रमतगमत चालावं तशी जात होती आणि शब्द न् शब्द स्वच्छ येत होता.

"ब्रेक अडकलाय का गं?"

"नाही. तुम्ही बोला."

"पहिल्या वळणावर मला तुझा राग आला," हे समोर बघून म्हणाले. "म्हटलं, बसलीय पाय सोडून. बसू दे. किती वेळ बसते बघू. दुसऱ्या वळणाला पाय भरून आले. मग म्हटलं, अरे, ही रोज एवढं ओढते? वाळवंटात? बोगद्यात? मी रोज विचारायचो, जोर लावतेयस ना, आणि ही काय रोज..." थांबले. पाठ हलली. "हॉलमध्ये मी जे म्हणालो ते खोटं आहे. मला ते तेव्हाही माहीत होतं. लोक हसले म्हणून पुढे बोललो."

मी ब्रेक तसाच धरून ठेवला.

मागून ट्रक आला, आमच्या शेजारून जाताना भला मोठा हॉर्न वाजवला आणि वळणाआड गेला. उतार संपता संपत नव्हता, म्हणजे मीच त्याला संपू देत नव्हते. खाली गाव दिसायला लागलं. घरांची छपरं, नदीवरचा पूल, स्टेशनची लांब शेड. शेडमधून गाडी बाहेर निघाली आणि पुलावरून पलीकडे जाऊ लागली. एकेक डबा मोजता यावा इतकी सावकाश.

हे बोलायचे थांबले. "तुझी गाडी," म्हणाले.

"दिसली मला."

"गेली."

"हो." मी ब्रेक आणखी जरा दाबला. "तुम्ही दुसऱ्या वळणापर्यंत आला होतात. पुढच्या वळणावर काय झालं?"